करंजमाळाचं कातडं

२०४० सालची ही गोष्ट. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी करंजमाळावरच्या अकरा वाड्यांनी बिरोबाच्या देवळापुढे भंडारा उचलला. पुढे जे घडलं, चांगलं थोडं आणि वाईट फार, ते सगळं त्या सकाळपासून मोजायचं.

करंजमाळ हे माणदेशातलं एक उंच, उघडंबोडकं पठार. नावात करंज असला तरी ते झाड तिथं पाहिलेली माणसं तेव्हाच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. कलावती कोळेकर त्यांतली एक. तिच्या लहानपणी खिंडीच्या तोंडाशी सात करंज होते आणि दुपारच्या वेळी धनगरांची मेंढरं त्यांच्या सावलीत माना खाली घालून उभी राहत. दिवाळीच्या सुमाराला माळभर कुसळी गवत पिकलेलं असे. त्याची कुसळं मेंढरांच्या लोकरीत अडकत, पोरींच्या परकरात अडकत, आणि संध्याकाळी कलावतीची आई एकेक कुसळ उपसत बसे. "सगळा माळ घरात आणलाय," असं पुटपुटे. त्या वेळी ते ऐकून कंटाळा यायचा.

पुढे पाऊस लहरी झाला. गवत विरळ झालं, करंज एकेक करून चुलीत गेले, आणि वारा सुटला की माती उडू लागली. २०३८ च्या उन्हाळ्यात सलग चाळीस दिवस माणदेशात सूर्य नीट दिसला नाही. तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत तिच्यावर धूळ बसे. लहान मुलं खोकून खोकून निळी पडत. तीच धूळ पार बंगालच्या उपसागरावर पोचलेली उपग्रहांना दिसली. नायजर, मंगोलिया, उझबेकिस्तान, ट्युनिशिया, मेक्सिको या देशांतूनही त्या वर्षी अशाच बातम्या आल्या. वाळवंटाला सरहद्द नसते, हे वाक्य सभांमधून पुष्कळ वर्षं म्हटलं जात होतं; त्या वर्षी ते माणसांच्या छातीत गेलं. भारत धरून सहा देश एकत्र बसले आणि मातीकरार झाला.

वाळवंट म्हणजे पाण्याची टंचाई असं आपण समजतो. पण जमीन मरते तेव्हा आधी मरते ती तिच्यावरची साय. निरोगी कोरडवाहू जमिनीवर नीलहरित जिवाणूंचे बारीक धागे पसरलेले असतात. ते अंगातून चिकट साखर सोडतात, तिने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि वाऱ्याने उडत नाहीत. शिवाय हे जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. ही साय एकदा फाटली की निसर्गाला ती पुन्हा विणायला पन्नास वर्षं लागतात. सहा देशांच्या शास्त्रज्ञांनी आपापल्या वाळवंटातले सगळ्यांत चिवट जिवाणू आणून एकत्र केले. नायजरचे उन्हाला न भिणारे, मंगोलियाचे गारठ्यात तगणारे, उझबेकिस्तानचे मिठात जगणारे. त्यांतून एक लेप तयार झाला. तो जमिनीवर फवारला की एकाच पावसाळ्यात साय धरत असे. कुणी त्यावर मालकी सांगितली नाही, सूत्र सगळ्या जगाला खुलं ठेवलं. माणसं इतक्या शहाणपणानं वागलेली त्या पिढीनं पाहिलीच नव्हती.

अट एकच होती. सात वर्षं त्या जमिनीवर खूर पडता कामा नये. कोवळ्या सायीवर एक खूर उमटला तरी तिथून ती फाटते, वारा आत शिरतो आणि केलेलं सगळं पुसलं जातं.

कलावती तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. धनगराची पोर आश्रमशाळेत शिकली, मातीशास्त्राची पदवीधर झाली आणि मातीकरारात करंजमाळाची क्षेत्र अधिकारी म्हणून लागली. लग्न केलं नव्हतं. दहिवडीला दोन खोल्यांत राहायची. धाकटा भाऊ बिरू माळाच्या पायथ्याच्या वाडीत मेंढरं राखायचा आणि अकरा वाड्यांत त्याचा शब्द चालायचा. नायजरहून आलेली डॉक्टर हलिमा या कामाची प्रमुख होती. तीही गुराख्यांच्या घरातली. कानात बटणाएवढा दुभाष्या घालून ती वाडीवाडीतून हिंडायची; तो तिचं बोलणं मराठीतही ऐकवायचा. कलावतीकडेही तसाच एक होता. पहिल्याच दिवशी बिरूची बायको बना तिला न्याहाळून कलावतीला म्हणाली, "वन्सं, ही एवढी उंच बाई, हिचा नवरा शिडी लावून बोलतो का काय?"

दुभाष्यानं ते इमानेइतबारे हलिमाच्या कानात सांगितलं. ती गंभीरपणे म्हणाली, "म्हणूनच तो सोडून गेला. त्याची मान दुखायला लागली होती."

बना हसता हसता खाली बसली. तेव्हापासून हलिमा आली की पहिली भाकरी तिची.

भंडाऱ्याची कल्पना कलावतीची. वाड्यांची बैठक भरली तेव्हा बिरू म्हणाला होता, "कागदावर अंगठं घ्या की. मागं तारकुंपणाच्या येळंला घेतलंच हुतं."

"आनि दुसऱ्या दिवशी तूच तार तोडून मेंढरं घातलीस," कलावती म्हणाली.

माणसं हसली. बिरूही हसला. "मग? तार त्यांची, भूक आमची."

"म्हणून कागद नगं. भंडारा उचला."

हसणं तिथंच थांबलं. बिरोबापुढची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द धनगर मोडत नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती आणि त्यांनाही. बिरू हळू आवाजात म्हणाला, "आक्का, इचार करून बोलतीस न्हवं? कागद येगळा, भंडारा येगळा. भंडारा उचलला की देव खाली उतरला तरी माघार न्हाय."

"सात वर्सांचा तर सवाल हाय. वारं थांबंल, बिरू. पोरांचा खोकला थांबंल. तवर कालव्याकडंला चाऱ्याची छावणी हाय. म्या उचलते तुमच्यासंगं."

रविवारी सकाळी सगळ्यांनी भंडारा उचलला. पहिली मूठ बिरूची, दुसरी कलावतीची. पिवळ्याधमक झालेल्या त्या गर्दीकडे पाहत हलिमानं विचारलं, "गरज पडली तर हा शब्द परत घेण्याची पद्धत काय आहे?"

"तशी पद्धत नाही."

"प्रत्येक करारात बाहेर पडायचा एक दरवाजा असतो."

"म्हणून तर करार मोडतात," कलावती म्हणाली. तिला तेव्हा आपल्या माणसांचा केवढा अभिमान वाटला होता.

पहिली तीन वर्षं ज्यांनी पाहिली ती माणसं त्यांच्याबद्दल बोलायची थांबत नसत. २०४१ च्या उन्हाळ्यात वारा सुटला आणि धूळ उडाली नाही. बाया दारात उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. माळावर काळपट, खरबरीत थर आला होता. चार थेंब पडले की तो पाच-दहा मिनिटांत हिरवा व्हायचा, जादू केल्यासारखा. "जळक्या माणसाला नवं कातडं यावं तसं आलंय," बना म्हणाली, आणि तेच नाव पडलं. मंगोलियाचे लोक आले, मेक्सिकोचे आले. ते सीमेवर बूट काढून उभे राहत, आत पाऊल टाकत नसत. वाड्यांमधला खोकला खरोखरच थांबला. कलावती त्या दिवसांत रस्त्यानं चालली की म्हातारी माणसं तिला आपणहून रामराम घालत.

चौथ्या वर्षी, २०४३ ला, पाऊस आलाच नाही. छावणीतला चारा आटला, अलीकडच्या विहिरी आटल्या. पाणी उरलं होतं ते माळापलीकडच्या तळ्यात. वळसा घालून तीन दिवसांची वाट, माळावरून अर्ध्या दिवसाची. बिरूचा मुलगा सिदू चोवीस वर्षांचा होता. त्याच्या वाट्याच्या चाळीस मेंढ्या गाभण होत्या आणि तीन दिवस चालल्या असत्या तर वाटेतच गळाल्या असत्या. एका पहाटे त्यानं त्या माळावरून नेल्या. एका रांगेत, कुठंही न थांबता, जितकी कमी जागा तुडवली जाईल तितकी तुडवत. चाळीसच्या चाळीस जगल्या.

दुसऱ्या दिवशी उपग्रहाच्या चित्रात कलावतीला माळाच्या मधोमध एक रेघ दिसली. केसातल्या भांगासारखी बारीक. अहवालात 'रानडुकरं' असं लिहायची सोय होती. तिनं तसं लिहिलं नाही, पण 'मेंढरं' असंही लिहिलं नाही. ती वाडीवर गेली आणि बिरूला सांगितलं. घरातली गोष्ट घरात मिटेल, तो पोराला चार शिव्या हासडेल, पुन्हा असं होणार नाही. एवढाच तिचा विचार.

बिरूनं ऐकून घेतलं, पटका बांधला आणि स्वतःच्या पायांनी पंचांकडे गेला.

संध्याकाळी देवळापुढे अकरा वाड्या जमल्या. भंडारा मोडणाऱ्याला वाडीत राहता येत नाही. कुणाच्या तोंडून ते निघेना, तेव्हा बिरूनंच ते म्हटलं. सिदू बापाकडं बघत राहिला. मग गर्दीतून वाट काढत कलावतीपाशी आला.

"आत्ती, तू सांगितलंस?"

"तुझा बा दोन शिव्या हासडंल, एवढंच वाटलं रं मला."

"माझा बा?" सिदू हसला. त्या हसण्यात राग नव्हता, तेच तिला पुढे जन्मभर बोचलं. "आत्ती, शाळंत जाऊन तू माझ्या बाला इसरलीस."

बनानं भाकरी बांधून दिल्या. सिदू कच्छात गेला. तिथल्या रणात मैलोनमैल सौरपट्ट्या मांडल्या होत्या, त्या पुसायच्या कामावर लागला. पुढच्या मे महिन्यात तिथं पारा बावन्नच्या वर गेला आणि तो कामावर असतानाच पडला. घरी आला तो बंद पेटीतून. बिरूनं सगळे विधी केले. बना त्याच्याशी बोलायची थांबली. एका घरात राहायची, भाकरी करून ठेवायची आणि पाठ फिरवायची.

२०४५ च्या श्रावणात कलावती माळाच्या कडेला पाणी मुरण्याची चाचणी घेत होती. चाचणी साधी असते. लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. पहिल्या वर्षी दहा मिनिटं लागली होती. मधल्या चार वर्षांत सगळ्यांचं लक्ष धुळीवर होतं. धूळ नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ही चाचणी मागं पडली होती. त्या दिवशी तिनं पाणी ओतलं, बनाकडे जाऊन जेवली, परत आली, तरी पाणी तसंच. एक चंडोल पक्षी कड्याच्या काठावर बसून ते पीत होता.

तिनं दहा ठिकाणी पाहिलं. दहाही ठिकाणी तेच. सहा वाळवंटांतले सगळ्यांत चिवट जीव एकत्र आले होते आणि त्यांना कशाचाच धाक उरला नव्हता. रानातली साय कुठं जाड, कुठं पातळ, कुठं फाटकी असते. ही एकजात, सलग, छत्रीच्या कापडासारखी झाली होती. पाऊस तिच्यावरून वाहून जात होता. गवताचं बी वरच्या वर पडून राहत होतं आणि मुंग्या ते वेचून नेत होत्या. कातड्याखालची माती कोरडी ठाक होती. आणखी दोन उन्हाळे असेच गेले तर खालून आधार सुटून हा थर पापडासारखा उचकटणार होता, आणि त्याखाली जे होतं ते निव्वळ पीठ होतं.

मग तिला ते गवत दिसलं.

माळाच्या मधून, खिंडीपासून पलीकडच्या तळ्यापर्यंत, कुसळी गवताची एक सरळ ओळ गेली होती. प्रत्येक खुरानं कातड्यात एक वाटी केली होती. वाटीत पाणी थांबलं, लेंडी पडली, लोकरीतलं एखादं कुसळ गळलं. चाळीस मेंढ्या, एक पहाट. दोन वर्षांनी तिथं पोटरीइतकं गवत वाऱ्यावर हलत होतं आणि बाकी अख्ख्या माळावर एक पातं नव्हतं. पडद्यावर पाहिलेली ती रेघ कलावतीनं ओळखली.

चार दिवसांनी हलिमा आली. गुडघे टेकून, हातानं गवत बाजूला करत तिनं एकेक खूर पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आनंदाचं. "हा प्रयोग कुणाचा?" तिनं विचारलं.

"माझ्या भाच्याचा."

"कुठं असतो तो? मला त्याला भेटायचं आहे."

कलावतीनं कानातला दुभाष्या काढून मुठीत धरला. पुढचं तिला कुठल्याच भाषेत सांगता येईना.

हलिमानं तो अहवाल सहा देशांपुढे ठेवला. वर्ष-वर्ष एका शब्दावर अडून बसणारी माणसं या वेळी अडली नाहीत. तीन देशांनी आपल्याकडे तशीच लोखंडी कडी जमिनीत ठोकून पाहिली, तिथंही पाणी मुरत नव्हतं. अकरा आठवड्यांत करार बदलला. पाच वर्षं झालेल्या जमिनीवरून पावसाआधीच्या दोन महिन्यांत मेंढरं न्यावीत. चालती ठेवावीत, बसवू नयेत. जगानं एवढ्या लवकर आपली चूक कबूल केल्याचं उदाहरण शोधून सापडलं नसतं. ते पत्र घेऊन कलावती २०४६ च्या चैत्रात वाडीवर गेली. आता फक्त मेंढरं सोडायची बाकी होती.

बिरू वाघरीजवळ बसला होता. मेंढरं कोंडायची ती दोरीची जाळी त्यानं मांडीवर घेतली होती आणि तुटलेली गाठ मारत होता. बना उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. कलावतीनं सगळं सांगितलं. कातडं, पाणी, खुरांतलं गवत. पत्र वाचून दाखवलं.

"कुणी धाडलंय ह्ये?" बिरूनं विचारलं.

"साही देशांनी."

"त्यांनी भंडारा उचलला हुता?"

"बिरू, दोन उन्हाळे ऱ्हायलेत. आता खूर पडले न्हाईत तर समदा माळ उडून जाईल. पयल्यापेक्षा वाईट. तवा वर तरी माती हुती, आता खाली नुसतं पीठ हाय."

"जाऊ दे की."

"तुझ्या वाडीवरली पोरं मरतील त्यात."

"एक मेलंय माझं," बिरू म्हणाला. जाळी त्यानं बाजूला ठेवली. "आक्का, तू शिकलेली हाईस, मला एक सांग. भंडारा खरा हुता म्हणून म्या लेकाला भाईर काढलं. आता तू म्हणतीस, खूर पडायलाच पायजेत. मग त्यानं काय गुन्हा केला हुता? आनि त्यानं गुन्हा केला न्हवता, तर मग म्या काय केलं?"

उंबऱ्यातून बना बोलली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्याकडे तोंड करून बोलत होती.

"त्येच म्हणतीया म्या. त्यानं काय बी वंगाळ केलं न्हवतं. त्याच्या मेंढरांच्या खुरात गवात आलंय. सोडा मेंढरं. अकरा वाड्यांना दिसू द्या माझा लेक काय करून गेला त्ये. त्याचं नाव तरी धुऊन निघंल."

"आनि माझं?"

"तुमचं काय बी हू दे."

वाघरीतली मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. कलावती म्हणाली, "भंडारा म्याच उचलायला लावला तुम्हास्नी. त्याचं पाप म्या घेते. मेंढरं म्या हाकते. तू नुसता गप ऱ्हा."

"पाप वाटून घ्यायला ती काय भाकर हाय व्हय?" बिरू उठला. "माळावर माझं मेंढरू जाणार न्हाय. म्या जिता हाय तवर न्हाय. दुसऱ्याच्या मेंढरांचं मला इचारू नगं."

पण दुसऱ्यांचंही तेच होतं. कलावती बाकीच्या दहाही वाड्यांवर फिरली. सगळ्यांनी तिला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, आणि सगळे एकच म्हणाले: ज्यानं पोटचा पोर दिला त्याच्या आधी आम्ही कसं पाऊल टाकावं? बिरू कारभाऱ्यानं पहिली मूठ उचलली. पहिलं मेंढरू त्याचं जाऊ दे, मग आमचं.

तिसऱ्या दिवशी बनाचा निरोप आला. उद्या सकाळी ये, आपण दोघी हाकू. बायको नि बहीण मिळून मेंढरं नेतात म्हटल्यावर तो काठी उगारणार नाही. कलावती पहिल्या एसटीनं गेली. उन्हं वर आली होती. बना वाघरीपाशी उभी होती आणि वाघर रिकामी होती. जमिनीवर लेंड्या होत्या, अजून ओल्या. तीन मालमोटारी मागवून बिरू अख्खा कळप तालुक्याच्या बाजारात घेऊन गेला होता. एकशे ऐंशी मेंढरं, त्यांत आठ दिवसांची कोकरं.

दुपारी तो परतला. हातात काठी, खांद्यावर घोंगडं. मेंढरं खाटकाला दिली का पाळणाऱ्याला, ते त्यानं सांगितलं नाही. बनाकडे न बघता कलावतीला म्हणाला, "आता कुणाला कायबी मोडाय नगं," आणि आत जाऊन निजला.

बनानं तिथल्या तिथं लुगड्याचा पदर खोचला, दोन भांडी नि एक वाकळ बांधली आणि कलावतीबरोबर दहिवडीला आली. ती परत गेली नाही.

बाकीचं करून पाहिलं ते करून पाहिलं. काटेरी रूळ फिरवला. त्यानं कातडं सरसकट फाडलं आणि त्या पट्ट्यातली माती आठवड्यात उडाली. मेंढरू एक पाऊल टाकतं, दोन सोडतं, खत घालतं, बी सांडतं. यंत्राला ते जमेना. एका ठेकेदारानं लांबच्या बाजारातून शेळ्या आणल्या. त्यांना हाकणाऱ्या पोरांनी जन्मात कळप राखला नव्हता. शेळ्या कडेच्या बाभळी सोलून घाटाखाली पसार झाल्या. माळ कसा तुडवावा हे ज्यांना कळत होतं, त्यांचा शब्द गुंतला होता.

२०४७ च्या होळीला सात वर्षं पुरी झाली. भंडारा फिटला. त्या दिवशी अकरा वाड्यांत मिळून सत्तर मेंढरंही उरली नव्हती; बिरूच्या मागोमाग बहुतेकांनी कळप विकले होते. तरी उरलेली माणसं उरलेली मेंढरं घेऊन खिंडीपाशी आली, आणि बघत उभी राहिली. उन्हानं कातड्याच्या कडा वर वळल्या होत्या. पाय ठेवला की करकर वाजून तुकडे होत होते. वैशाखात वारा सुटला आणि करंजमाळ उठला. पंधरा दिवस तो आकाशात होता. सत्तावीस मुलं दगावली. ज्येष्ठ सरेपर्यंत अकराही वाड्या रिकाम्या झाल्या.

हलिमा नायजरला परत गेली. तिथं पाच वर्षं पुरी झालेल्या जमिनीवर तिनं गुराख्यांना वेळेत आत घेतलं. त्यांनी कुठली शपथ घेतली नव्हती, पत्रावर सही केली होती. नवं पत्र आलं तशी नवी सही केली. तिथं आज गवत आहे. मंगोलियात आणि ट्युनिशियात थोडं थोडं आहे. चाळीस मेंढ्यांना एक पहाट, हे प्रमाण सगळीकडे पाळतात. त्याला 'करंजमाळ नियम' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कुणी करंजमाळ पाहिलेला नाही आणि आता पाहण्यासारखं तिथं काही नाही. उघडा खडक आहे.

बिरू वाडी सोडून गेला नाही. देवळात एकटा राहायचा. कलावती महिन्याला पीठमीठ पोचतं करायची. तो घ्यायचा आणि पाठ फिरवायचा. २०५१ च्या उन्हाळ्यात तो गेला. बना दहाव्यालाही गेली नाही.

कलावतीनं नोकरी सोडली. बिरू गेल्याच्या पुढच्या वर्षी हलिमानं खुरांच्या नियमावरचा शोधनिबंध छापला तेव्हा कलावतीनं एकच मागणं घातलं होतं, आणि हलिमानं ते मानलं. निबंध छापून आला, तिनं तो बनाच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात कुठं हाय त्यो?"

"ह्ये बघ. पयलंच नाव. सिदाप्पा बिरू कोळेकर."

बनानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मधी बापाचं नाव घातलंय व्हय?"

"घालावं लागतं, बना."

"काढता येतंय का बघा, वन्सं."